थकलेले शरीर आणि आपली जबाबदारी



‘वय झालं, आता असंच चालायचं,’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. पण वय होणे आणि क्षीण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐंशीचे एखादे आजोबा रोज पायी मिस्साला येतात, तर सत्तरीतल्या आजीला ओट्यापर्यंत जातानाही दम लागतो.

२००१ साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी ६५ व त्याहून अधिक वयाच्या ५,३१७ व्यक्तींच्या अभ्यासातून क्षीणतेची पाच लक्षणे मांडली:

१) वर्षभरात आपोआप साडेचार किलोहून अधिक वजन घटणे
२) सततचा थकवा
३) हाताच्या पकडीतला जोर कमी होणे
४) चाल मंदावणे
५) एकूण हालचाल कमी होणे

यांतील तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास ती व्यक्ती क्षीण समजावी. अशांपैकी ४३ टक्के व्यक्ती सात वर्षांत मरण पावल्या. एकही लक्षण नसलेल्यांपैकी १२ टक्के. क्षीण शरीराजवळ राखीव शक्ती उरत नाही, म्हणून साधा ताप किंवा घरातले पडणेही जिवावर बेतते.

मात्र हे आकडे म्हणजे निकाल नव्हे. टक्केवारी समूहाची असते. आपल्या घरातली आई एकच असते. लक्षणे वेळीच ओळखली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बळ वाढवणारा व्यायाम, डाळ, अंडी, मासे असा पुरेसा आहार आणि चालू औषधांची फेरतपासणी यांनी पुष्कळदा फरक पडतो.

आणि आत्म्याची काळजी? ‘फादर आले म्हणजे शेवट आला,’ या भीतीने आपण तैलाभ्यंगासाठी शुद्ध हरपल्यावर बोलावणे पाठवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मृत्युशय्येवरील व्यक्तीसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका सुरू होताच तो घेण्याची योग्य वेळ आलेली असते. ज्यांची अशक्तता वाढत आहे अशा वृद्धांनी तो घ्यावा, आणि प्रकृती अधिक ढासळल्यास पुन्हाही घेता येतो, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. शुद्धीवर असलेला माणूस पापनिवेदन करू शकतो, कम्युनियन घेऊ शकतो, स्वतःच्या तोंडाने ‘आमेन’ म्हणू शकतो. ही संधी आपण त्यांच्यापासून का हिरावून घ्यावी?

या आठवड्यात आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची चाल जरा लक्ष देऊन पाहू या. त्यांच्याजवळ बसू या, जेवण किती जाते ते विचारू या. गरज दिसल्यास डॉक्टरांना आणि धर्मगुरूंना, दोघांनाही वेळेवर कळवू या.