पेन्सिलीच्या आधी बोटे

"बाई, मुलगा साडेतीन वर्षांचा झाला, पण अजून 'अ' काढत नाही." प्रत्येक पालकसभेत ही तक्रार आमच्या कानी येते.

आधी आमची कबुली. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही शिशुवर्गाच्या हाती पहिल्याच आठवड्यात पेन्सिल देत होतो. मुले ती मुठीत धरत, कागद फाटे आणि प्रगतिपुस्तकात आम्ही 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहीत असू. दोष मुलांच्या लक्षाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

कारण समजून घेऊ या. मनगटात 8 लहान हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात. हळूहळू त्यांचे हाड बनते आणि शेवटच्या हाडाची सुरुवात व्हायलाच साधारण 9 ते 12 वे वर्ष उजाडते. शिवाय पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचा मेळ लागतो. तो हाताच्या कामांतून येतो.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. बटणे लावणे, पाणी ओतणे यांसारख्या कामांना त्यांनी शिक्षणाचे स्थान दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली. म्हणजे खर्चाचा प्रश्नच नाही.

घरी करण्याजोगी कामे :

3 ते 4 वर्षे : कणकेच्या गोळ्या वळणे, जुने कागद फाडणे, ओला स्पंज पिळून एका वाटीतले पाणी दुसरीत नेणे.

4 ते 5 वर्षे : पोह्यांसाठी मटार सोलणे, राजमा व काबुली चणे निवडून वेगळे करणे, वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावणे.

5 ते 6 वर्षे : सदऱ्याची बटणे लावणे, बोथट कात्रीने रेषेवर कापणे, मणी ओवणे, रांगोळी घालणे. रांगोळीची चिमूट जरा निरखून पाहा. पेन्सिल धरणारी बोटे तीच!

दाणे व मणी मुले नाका-तोंडात घालतात, म्हणून मोठ्यांपैकी कोणीतरी समोर बसावेच. 3 वर्षांखालील मुलांना ते देऊच नयेत. सहावे वर्ष लागूनही चमचा धरणे, बटण लावणे जमत नसेल तर रागावू नये. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावंडाचा डबा तुम्ही उघडून देऊ नका. त्याला उघडू द्या. विश्वस्त मंडळींना विनंती, शिशुवर्ग पाहायला याल तेव्हा वह्या मागू नका, मुलांचे हात पाहा. आणि पालकहो, दिवाळीपर्यंत शिशुवर्गाला लेखनाचा गृहपाठ मिळणार नाही. त्याऐवजी रोज 10 मिनिटे त्यांना स्वयंपाकघरात तुमच्याजवळ बसवा. थोडे सांडेल, वेळही लागेल. पण पुढे हीच बोटे न थकता 'अ' काढतील.