वादळ गेले, पण…

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जवळच्या नवी मुंबईतही जोराचा वारा सुटला. लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले. रस्त्यांवर झाडे कोसळली. वारा ओसरल्यावर ती बाजूला केली आणि रस्ते मोकळे झाले.

रायगडमध्ये मात्र नुकसान फार मोठे होते. श्रीवर्धन, मुरूड भागात घरांचे पत्रे उडाले. विजेचे खांब पडले. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या.

पत्रे नवे बसवता येतात. खांब पुन्हा उभे करता येतात. पण नारळाच्या रोपाला फळ यायला पाच-सात वर्षे लागतात. तरीही लोकांनी पुन्हा रोपे लावली.

सांगा : वादळात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले? का?