जुन्या मोटारीची थरथर

वाराणसीत गोदौलियाच्या गर्दीतून रखडत जाणारी जुनी मारुती ८०० उभ्या जागी थरथरू लागली, की इंजिन उघडण्याचा खर्च मालकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा निर्णय घाईने घेऊ नये.

१९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, तरी एक तृतीयांश शक्ती जाते व गाडी हादरते. संथ वाहतुकीत स्पार्क प्लग पुरेसा तापत नाही, त्यामुळे त्यावरील काजळी जळून जात नाही. धुळीने एअर फिल्टर तुंबल्यास ती आणखी वाढते. म्हणून प्रथम फिल्टर पाहावा.

नंतर, इंजिन थंड झाल्यावर, प्लग काढून त्यांची टोके न्याहाळावीत. फिकट तपकिरी टोक निरोगी. कोरडी काजळी म्हणजे हवा कमी वा पेट्रोल जादा. तेलकट टोक मात्र गंभीर: झिजलेल्या पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत येत असल्याची ती खूण. एकच प्लग वेगळा दिसल्यास त्याची शेजारच्या प्लगशी अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर सरकला, तर नवा प्लग पुरतो. जागेवरच राहिला, तर प्लगची वायर व डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासावी.

कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविण्याचा मोह अनुभवी मेकॅनिकलाही आवरत नाही. प्लग सदोष असताना मिश्रण बदलले, तर एकाचे दोन दोष होतात. एवढे करूनही थरथर राहिली, तरच कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन उघडायचे की नाही, ते त्या आकड्यांवर ठरवावे.