गळ्यातील वण

(आपण दिवसभर बोलतो, हसतो, गातो, पण आवाज कसा निर्माण होतो, याचा विचार क्वचितच करतो. स्वरतंतूंवर वण पडला तर काय होते, हे या पाठात सांगितले आहे.)

खेळताना गुडघा खरचटतो. जखम भरते, खपली पडते आणि मागे वण राहतो. त्या वणामुळे आपले चालणे थांबत नाही. पण असाच वण गळ्याच्या आत पडला तर?

गळ्यावर बोटे ठेवा आणि 'आ' म्हणा. बोटांना कंप जाणवेल. तेथे आपले स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. त्यांची लांबी जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर! फुप्फुसांतील हवा बाहेर येताना ते एकमेकांजवळ येतात आणि कंप पावतात. पुरुष बोलतो तेव्हा ते सेकंदाला सुमारे १०० वेळा, तर स्त्री बोलते तेव्हा सुमारे २०० वेळा कंप पावतात. त्यांचा वरचा थर मऊ व लवचीक असतो, म्हणून आवाज मोकळा येतो.

दुखापत, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांमुळे या थरावर वण पडू शकतो. वणाची जागा ताठ होते. तेथे कंप नीट होत नाही. स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत आणि फटीतून हवा निसटते. मग आवाज घोगरा होतो, बोलताना लवकर थकवा येतो आणि उंच स्वर लागत नाही.

ज्यूली अँड्र्यूज या प्रसिद्ध इंग्लिश गायिका व अभिनेत्री. १९६५ सालच्या 'द साउंड ऑफ म्यूझिक' या चित्रपटातील त्यांची गाणी जगभर गाजली. १९९७ मध्ये त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा गाण्याचा पूर्वीचा आवाज गेला. पुढे आणखी उपचार झाले, तरी तो परतला नाही. पण त्या खचल्या नाहीत. आपल्या मुलीबरोबर त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली. चित्रपटांतील पात्रांना आपला बोलण्याचा आवाज दिला.

आवाजाच्या व्यायामाने आणि उपचारांनी अशा रुग्णांना काही आराम मिळतो. मात्र वण पूर्णपणे नाहीसा करणारा उपाय अजून सापडलेला नाही. म्हणून आवाज आधीच जपावा. उगाच ओरडू नये. पुरेसे पाणी प्यावे. धूम्रपानापासून दूर राहावे. घसा बसला तर आवाजाला विश्रांती द्यावी. तीन आठवड्यांनंतरही आवाज सुधारला नाही, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

गुडघ्यावरचा वण डोळ्यांना दिसतो; गळ्यातला वण फक्त कानांना कळतो.

शब्दार्थ
वण – जखम भरल्यावर राहणारी खूण
कंप पावणे – थरथरणे
ताठ – कडक, न वाकणारा
खचणे – धीर सोडणे

स्वाध्याय
१. स्वरतंतू कोठे असतात?
२. वणामुळे आवाजात कोणते बदल होतात?
३. गाण्याचा आवाज गेल्यावर ज्यूली अँड्र्यूज यांनी काय केले?
४. 'घसा बसणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.