जर्मनीला निघालेल्या भाचीसाठी मावशीचा कानमंत्र

बाळ, पुढच्या महिन्यात तू नागपूर सोडून जर्मनीला शिकायला जाशील. कागदपत्रं, पैसे, विमा हे तुझ्या बाबांनी पाहिलंच आहे. मी तिथं बरीच वर्षं संसार केला, म्हणून मी माणसांचं सांगते. परमुलखात माणसं आपण पुढं होऊन जोडावी लागतात.

सामान. संत्री नि संत्रा बर्फी दोन्ही नेऊ नको. युरोपीय संघात बाहेरून जाणाऱ्याला सोबत दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि संत्र्यांना रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. तूप नि पेढेही राहू दे. भिवापूरचं तिखट नि सावजी मसाला मात्र ने.

पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नोंदणी कर आणि टपालपेटीवर लगेच आपलं आडनाव लाव. बँकेची, विम्याची पत्रं अजून टपालानं येतात. पेटीवर नाव नसलं की परत जातात.

स्वयंपाकघर. चार जणींत एकच असेल, तर फोडणीआधी खिडकी उघड, भांडी जेवण झाल्याबरोबर घास, सफाईची पाळी चुकवू नको. सामान शनिवारीच आण, कारण रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथं राज्यघटनेचंच संरक्षण आहे, म्हणून त्या दिवशी भिंतीत खिळे ठोकणं, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकणं नको.

खोलीतली सोबत. खोलीत जी कोणी असेल तिच्याशी मन लावून वाग. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथं वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांना भेटला. ती मैत्री जन्मभर टिकली आणि पुढं अडचणीत भथेनांनी त्यांना पैशांचीही मदत केली. दीक्षाभूमीच्या गावातल्या मुलीनं हे लक्षात ठेवावं.

आग्रह. आपल्याकडं तीनदा नाही म्हटल्यावर पोळी ताटात पडते. तिथं एकदा नाही म्हटलं की ताट उचलतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण. तसंच कोणी तुला तोंडावर नाही म्हटलं, तर तो अपमान समजू नको. त्या माणसाच्या होकारावरही तितकाच विश्वास ठेवता येतो.

बोलावणं. ‘या नं कधी घरी’ एवढ्यानं तिथं कोणी येत नाही. दिवस नि वेळ ठरव. तुला सातला बोलावलं तर सातलाच पोच, हातात फुलं किंवा घरचं काही घेऊन जा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नको. तिथं ते अशुभ मानतात.

मैत्री. ती तिथं सावकाश होते. सहा महिने कोणी नुसतं हाय म्हणेल, म्हणून मन कडू करू नको. गाण्याचं, डोंगरचढाईचं, बॅडमिंटनचं एखादं मंडळ धर आणि दर आठवड्याला त्याच वारी जा. तेच चेहरे पुन्हापुन्हा दिसले की ओळख मुरते. वर्ग इंग्रजीत असले तरी जर्मन शिकत राहा; जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा जर्मनमध्येच रंगतात.

आपली माणसं. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळी गणपती बसवतात. तिथं जरूर जा, कामाला हात लाव. पण सगळे शनिवार-रविवार आपल्याच माणसांत घालवू नको, नाहीतर दोन वर्षं राहूनही तो देश अनोळखीच राहील.

हिवाळा. आपण पंचेचाळीस अंशांचा मे सोसतो, पण डिसेंबरात चार-साडेचारला पडणारा अंधार वेगळा असतो. दुपारी उजेड असताना रोज अर्धा तास बाहेर चाल. मन फारच खचलं, झोप उडाली, तर लाज न धरता विद्यापीठाच्या समुपदेशकाकडं जा.

फोन. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असतं. आईला ठरल्या वेळी फोन कर. पण ताप आला, पाय मुरगळला, तर आधी शेजारणीला सांग. आम्ही इथून औषध आणून देऊ शकत नाही, ती देऊ शकते. जिवावरचं असेल तर ११२ लाव.

आणि ही शेजारीण तुला आयती मिळणार नाही. तिथं नव्यानं राहायला आलेल्यानं स्वतः जाऊन ओळख करून द्यायची रीत आहे. तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दाराची बेल वाजव आणि आपलं नाव सांग.