वऱ्हाडातील वास्तू आणि आसऱ्याचा धर्म

तीर्थक्षेत्री येणारा भाविक प्रथम कळसाकडे पाहतो. त्यानंतर महाद्वार, सभामंडप, गाभारा या क्रमाने त्याची दृष्टी फिरते. मात्र ज्या वास्तूत तो रात्रीचा मुक्काम करतो, पडशी ठेवतो, ओली वस्त्रे वाळत घालतो व पहाटे स्नानास निघतो, त्या धर्मशाळेकडे तो क्वचितच निरखून पाहतो. आपल्या धर्मशास्त्राने या वास्तूला गौण मानलेले नाही. 'इष्टापूर्त' या जोडशब्दातील 'इष्ट' म्हणजे यज्ञयागादी कर्मे आणि 'पूर्त' म्हणजे विहिरी, बारव, तलाव, देवालये, उपवने आणि अन्नदान. पांथस्थासाठी पाणी आणि छाया निर्माण करणे हे देवालय उभारण्याच्याच पंक्तीला बसविलेले पुण्यकर्म होय.

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत प्रेक्षणीय वास्तूंची वाण नाही. अकोला जिल्ह्यात बाळापूर येथे मन आणि म्हैस या नद्यांच्या परिसरात मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या पाषाणाची छत्री आहे. चारही बाजूंनी मोकळी, रेखीव कमानींची ही वास्तू शिल्पदृष्ट्या अवश्य पाहावी अशी आहे. नरनाळा व गाविलगड हे सातपुड्याच्या कुशीतील दोन किल्ले तर सर्वपरिचितच आहेत. अमरावती शहरात जुना परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू झाले. पाच दरवाजे आणि चार खिडक्या अशी त्याची रचना होती. अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. कोट बांधणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो, आत कोणाला घ्यायचे आणि बाहेर कोणाला ठेवायचे. धर्मशाळा बांधणाऱ्यापुढील प्रश्न याच्या नेमका उलट असतो. वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या एका निरक्षर पुरुषाने हा दुसरा प्रश्न आयुष्यभर हाती धरला, म्हणून या लेखात किल्ल्यांचा व कोटांचा विस्तार न करता त्याच्या वास्तूंचाच विचार केला आहे.

काळी आणि पांढरी

वऱ्हाडात गावाच्या वसतीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची जुनी चाल आहे. काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण बांधकामाला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात आणि तिच्यावर उथळ पायाने उभारलेली भिंत काही वर्षांतच तडकते. म्हणून येथील जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे ही सामान्य घराची रीत होती, तर सधनांच्या वाड्यांना काळ्या दगडाचे जोते आणि सागाचे खांब असत. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात जाड भिंत आणि खोल ओसरी ही चैन नव्हे, जीव वाचविण्याची सोय आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे. हा खारपाणपट्टा असल्याने अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी पिण्यालायक नसते. अशा मुलखात यात्रेकरूंच्या उताऱ्याची जागा निवडणाऱ्याने छपराच्या आधी गोड्या पाण्याचा विचार करावयाचा असतो.

धर्मशाळेचा परंपरागत आराखडा साधा आहे. मध्ये मोकळा चौक, भोवती ओवऱ्या, एका अंगास विहीर, दुसऱ्या अंगास चुलींची जागा, सामान ठेवण्यास कोठी आणि रात्री बंद करता येईल असा एकच मोठा दरवाजा. ओवरीला पुढची भिंत नसते, त्यामुळे कोणाचाही संसार झाकलेला राहत नाही. परके लोक एका छपराखाली निर्भयपणे झोपू शकतात ते याच उघडेपणामुळे. चौकात ऊन येते, पाऊस येतो आणि संध्याकाळी कीर्तनही उभे राहते.

घाटापासून आरंभ

श्रीसंत गाडगे महाराज यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गुरे राखण्यात व शेती करण्यात गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, जे अन्नपात्र म्हणून चाले व प्रसंगी डोक्यावरही असे. त्यावरूनच 'गाडगेबाबा' हे नाव रूढ झाले.

बाबांच्या बांधकामांचा आरंभ मंदिराच्या शिखरापासून झाला नाही, नदीच्या काठापासून झाला. पूर्णेच्या तीरावर ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. गाळाच्या निसरड्या काठावरून स्नानास उतरताना वृद्ध व स्त्रिया घसरून पडत. डेबूजी यात्रेच्या आधी येऊन काठ खणून पायऱ्या करीत, चिखलावर कोरडी माती टाकीत आणि मागून परिसर झाडून काढीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे १९०८ च्या सुमारास येथे पक्का घाट झाला व लक्ष्मीनारायणाचे मंदिरही उभे राहिले. पायरीची उंची म्हातारीच्या गुडघ्याला झेपेल इतकीच असावी, हे ज्याने चिखलात उभे राहून पाहिले आहे, त्याला कागदावरील नकाशा लागत नाही. पाथरवट, गवंडी व सुतार हे कारागीर गावोगावी होतेच. बाबांनी त्यांना दिला तो उपयोगाचा हेतू, आणि कीर्तनातून लोकांकडून मिळविलेले द्रव्य.

चोखोबांच्या नावाची वास्तू

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही बाबांच्या वास्तूंपैकी सर्वांत अर्थपूर्ण म्हणावी लागेल. परंपरेनुसार संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान वऱ्हाडातीलच, बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा हे होय. त्यांचा अंतही एका बांधकामावर झाला. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर इतर मजुरांसह राबत असता भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ ची ही घटना. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या व महाद्वाराशी समाधी बांधली. समाधी झाली ती दाराबाहेर, कारण आत जाण्याचा अधिकार त्यांना हयातीतही नव्हता.

चोखोबांच्या मागून आलेल्या त्यांच्या ज्ञातीच्या वारकऱ्यांची स्थिती सहा शतकांनंतरही फारशी बदलली नव्हती. वऱ्हाडात कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस जाते. शेकडो मैलांची ही वाट आहे. इतके चालून आलेला वारकरी जर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील असेल, तर देवळाचा दरवाजा बंद आणि बहुतेक धर्मशाळांचाही बंद. धर्मशाळा प्रायः ज्ञातींच्या असत आणि उतरणाऱ्याला जात विचारली जाई. आषाढातील पावसात वाळवंटात उघड्यावर रात्र काढणे एवढाच मार्ग उरे. या लोकांसाठी बाबांनी १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. ज्यांना देवळात शिरता येत नव्हते, त्यांना पंढरपुरात स्वतःचे म्हणता येईल असे एक छप्पर मिळाले. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी केलेले उपोषण १९४७ सालचे आहे. म्हणजे आसऱ्याचा दरवाजा दर्शनाच्या दरवाजापेक्षा सुमारे तीस वर्षे आधी उघडला.

याच काळात अमरावतीतही हा प्रश्न धगधगत होता. अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ सुरू झाली, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीत अग्रभागी होते. सभा, परिषदा आणि सत्याग्रह हा त्यांचा मार्ग, तर गाडगेबाबांचा मार्ग चुना, दगड आणि कीर्तन यांचा. दोन्ही मार्गांची गरज होती. केवळ दरवाजा उघडून भागत नाही. दूरवरून आलेल्या माणसाला दर्शनानंतर पाठ टेकायलाही जागा लागते.

१९४९ मध्ये बाबांनी ही पंढरपूरची वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि वारकऱ्यांच्या उताऱ्याच्या जागी विद्यार्थ्यांचे वसतिगृह आले. दात्याने दिलेली वास्तू त्याच कामी जुंपून ठेवावी असा आपल्याकडे आग्रह असतो. बाबांना तो नव्हता. काळाची गरज बदलली तर रहिवासीही बदलावेत, हा त्यांचा व्यवहार होता, आणि आजच्या संस्थाचालकांनीही तो अभ्यासावा असा आहे.

मूर्तिजापूर ते मुंबई

मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक. त्या काळी अचलपूर व यवतमाळ या दोन्ही दिशांच्या अरुंदमापी गाड्या येथूनच सुटत, त्यामुळे गाडी बदलणाऱ्या प्रवाशांची येथे सतत वर्दळ असे. १९२५ मध्ये बाबांनी येथे गोरक्षण व धर्मशाळा उभारली. आळंदी, देहू, नाशिक येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. येथे यात्रेकरू ही कल्पनाच बदलली. खेड्यातून आलेल्या रुग्णाला रुग्णालयात खाट मिळते, परंतु त्याच्यासोबत आलेली पत्नी किंवा वृद्ध पिता पदपथावर झोपतो. त्याला तीर्थयात्रीच मानून ही वास्तू बांधली गेली. पुढे बाबांच्या नावाने दादर येथे चालू झालेल्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेले रुग्ण व त्यांचे नातलग राहतात. परळच्या टाटा रुग्णालयात महिनोन्महिने खेपा घालाव्या लागणाऱ्या वऱ्हाडातील कुटुंबांना या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एवढ्या वास्तू उभ्या करणाऱ्याने स्वतःसाठी त्यांत खोली राखली नाही. बाबा झाडाखाली किंवा साध्या झोपडीत राहत. आलेला पैसा विश्वस्त मंडळांच्या स्वाधीन होई, आणि या संस्थांत आपल्या नातलगांना अधिकार मिळू नये याविषयी ते अत्यंत कठोर होते. दानाचा हिशेब हाही इमारतीच्या पायाचाच भाग आहे. तो मुरमापर्यंत गेलेला नसेल तर वरची भिंत तडकते.

तपोवन

अमरावतीकरांच्या मनात आसऱ्याच्या आणखी एका वास्तूचे स्थान आहे, ती म्हणजे तपोवन. होमिओपॅथीचे चिकित्सक व स्वातंत्र्यसैनिक डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये शहराबाहेरील माळरानावर कुष्ठरुग्णांसाठी श्री जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. त्या काळी कुष्ठरुग्णाला घर सोडावे लागे, आणि देवळांच्या पायऱ्यांवर भीक मागत बसणे हेच त्याचे प्राक्तन ठरे. तपोवनात रुग्ण हा आश्रित नसून रहिवासी व श्रमिक मानला गेला. शेती, विणकाम व सुतारकाम यांतून वसाहत आकाराला आली. पटवर्धनांना १९५९ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. आज बहुविध औषधोपचारांमुळे कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. परंतु रोग गेल्यावरही घरचे दार उघडेलच असे नाही, त्यामुळे अशा वसाहतींची गरज औषधाबरोबर संपली नाही.

देणगीदारांची इच्छा बहुधा दर्शनी बांधकामाकडे असते. कळस, कमान, संगमरवरी फरशी यांवर नाव कोरता येते. पाण्याची टाकी, शौचालय, स्त्रियांसाठी स्नानगृह, वृद्धांसाठी कठडा यांवर नाव शोभत नाही अशी समजूत आहे. गाडगेबाबांच्या कार्याचा क्रम मात्र घाटाच्या पायरीपासूनच सुरू होतो.

बाबांचे महानिर्वाण २० डिसेंबर १९५६ रोजी झाले. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. बाबांना मोटारीने अमरावतीकडे आणले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांचे समाधिमंदिर असून शहरात येणाऱ्या भाविकांना अंबादेवी व एकवीरा देवीच्या दर्शनासोबत तेथेही जाता येते. मूर्तिजापूर हे रेल्वेने अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान आहे. ऋणमोचन भातकुली तालुक्यात असून पौषातील रविवारी तेथे यात्रेची गर्दी असते. ज्यांना घाट निवांतपणे पाहावयाचा आहे, त्यांनी यात्रेचे दिवस सोडून जावे.