राजगड ते तोरणा

काही डोंगरवाटा आपल्याला शिखरावर नेतात आणि त्याच वाटेने खाली आणून सोडतात. मध्येच थकवा आला, तर मागे फिरता येते. परंतु एका गडावर सुरू होऊन दुसऱ्या गडावर संपणारी वाट निराळी असते. तिच्या मध्यावर पोचले, की जेवढे पुढे जायचे, तेवढेच मागे. पुणे जिल्ह्यातील राजगड ते तोरणा ही वाट अशीच आहे. सिंहगड, राजगड, तोरणा आणि रायगड हे गड जोडणाऱ्या लांबच्या डोंगरयात्रेतील ही एक अवघड मजल होय.

डिसेंबर २०१२ मध्ये बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी या वाटेने निघालो. राजगड म्हणजे शिवाजी महाराजांची रायगडापूर्वीची राजधानी. तेथील पद्मावती माचीवर आम्ही रात्री मुक्काम केला. उजाडताच संजीवनी माची गाठली आणि अळू दरवाजातून बाहेर पडलो. समोर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा उभा होता. हात लांबवला, तर लागेल, असे मुलांना वाटले! पण दोन गडांच्या मध्ये डोंगराची लांबच लांब सोंड होती. प्रथम घसरणीचा उतार, मग कारवीची झाडी, मग चढ आणि पुन्हा उतार. उन्हे चढली आणि बोलणे कमी होत गेले.

दुपारच्या सुमारास आम्ही मधल्या खिंडीत आलो. या खिंडीतून मोटाररस्ता जातो. तेथे सर्वांत लहान विद्यार्थी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, माझ्या बाटलीत दोनच घोट पाणी उरले आहे." दोघेतिघे हसले. मी सर्वांच्या बाटल्या पाहिल्या. हसणाऱ्यांच्याही बाटल्या रित्याच होत्या! त्यांना ते सांगण्याची लाज वाटत होती. निघताना प्रत्येकाचे पाणी मोजणे हे माझे काम होते. ते मी केले नव्हते. चूक माझीच होती.

पुढे गड येईपर्यंत पाण्याची खात्री नव्हती. शेवटच्या चढात कातळाचा टप्पा होता. तेथे तहानेने हातपाय कापू लागले असते, तर परतणेही कठीण झाले असते. मी रस्त्याने खाली उतरण्याचा निर्णय दिला. "इतके चालून आपण हरलो," असे म्हणून एकाच्या डोळ्यांत पाणी आले. मी त्याची समजूत घातली नाही. वाईट मलाही वाटत होते.

पुढच्याच महिन्यात आम्ही पुन्हा राजगडावरून निघालो. या वेळी पाणी मोजण्याचे काम त्या लहान विद्यार्थ्याकडे दिले होते. खिंडीत त्याने प्रत्येकाची बाटली हलवून पाहिली आणि मगच मान डोलावली. चढ संपता संपता कातळ आला. लोखंडी शिडीवरून एका वेळी एकच जण, असे आम्ही सावकाश वर गेलो. उपड्या बुधल्यासारखा दिसणारा तो सुळका आता अगदी जवळ होता. त्यावरूनच या भागाला बुधला माची म्हणतात.

माचीवर बसून आम्ही मागे पाहिले. राजगड दूर निळसर दिसत होता आणि आम्ही चाललेली सोंड उन्हात पसरली होती. मागच्या खेपेस रडलेला मुलगा हळूच म्हणाला, "सर, तोरणा इथेच होता. कुठे गेला नव्हता."

मुलांनो, एकेरी वाटेवर धैर्य हवेच. पण आपल्याजवळ काय उरले आहे, हे खिंडीतच खरेपणाने सांगणे, हेही धैर्यच आहे.

स्वाध्याय
१. राजगड ते तोरणा ही वाट इतर वाटांहून निराळी कशी?
२. लेखकाने खिंडीतून खाली उतरण्याचा निर्णय का घेतला?
३. लहान विद्यार्थ्यावर पाणी मोजण्याचे काम का सोपवले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.